मामांचा अंगठा

मामांचा फोन मामांना ओळखत नसे. दुकानदाराने दहादा दाबून घेऊन अंगठा कसाबसा नोंदवला होता, पण उजव्या हाताचा तो अंगठा ठेवला की फोन थरथरून 'पुन्हा प्रयत्न करा' म्हणायचा, मामा पुन्हा ठेवायचे, आणि फोनचा नन्नाचा पाढा चालूच राहायचा. शेवटी मामींनी कुलपाचे आकडे त्यांच्याकडून घोकून घेतले. ते आकडे मामा मोठ्याने म्हणत म्हणत दाबायचे, त्यामुळे मामांच्या फोनचं कुलूप अख्ख्या शेडला तोंडपाठ होतं. "या यंत्राला माणसाची पारख नाही," असं मामा म्हणायचे. "यंत्राला कशाला नावं ठेवता, अंगठाच कुठेतरी विसरून आला असाल," असं भाची म्हणायची, आणि विषय तिथेच संपायचा.

शेड भाचीची. आधी तिच्या बाबांची, ते गेल्यावर तिची. गल्लीच्या टोकाला एका बाजूला वेल्डिंगवाला, दुसऱ्या बाजूला टायरवाला आणि मध्ये ही पत्र्याची लांबट शेड. आत दोन ड्रिलिंग मशीनं, एक करवत, कोपऱ्यात काचेची खोली आणि भिंतीला धरून तो जुना सीएनसी लेथ, म्हणजे संगणकावर चालणारं कातकामाचं मशीन. बाबांनी तो वापरलेलाच आणला होता. पडद्यावर अजून हिरवी अक्षरं येतात, बटणांवरची चित्रं पुसून गेलीत, मशीनच्या दाराचा स्विच कधीच मेलाय, त्यामुळे आतलं फिरत असतानाही ते उघडतं, आणि ब्रेक इतका थकलाय की काम संपल्यावरही दांडी धरून फिरवणारा चक आळोखेपिळोखे देत सावकाश थांबतो. शहाण्या माणसाने असं मशीन केव्हाच भंगारात काढलं असतं. पण त्यावर पहिल्या दिवसापासून मामा उभे होते, आणि मामांच्या हातून निघालेला शाफ्ट कधी परत आला नव्हता. ते काढायचे आणि काचेच्या खोलीत बसून भाची मायक्रोमीटरने मोजायची. मामा तिला चिडवायला 'मालक' म्हणायचे. ती रागावल्यासारखं करायची, पण तिला ते आवडायचं.

मग पंपवाल्या गिऱ्हाइकांनी माल परत पाठवला.

पंपाचा शाफ्ट म्हणजे वीतभर लांबीची पोलादी दांडी. ती या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखी जाड हवी. परत आलेल्या शाफ्टचं चकाकडचं टोक बरोबर होतं आणि मोकळं टोक जाड होतं. किती जाड, तर केसाचा पापुद्रा निघाला असता तर तेवढं. तुम्ही-आम्ही हातात धरून बसलो तर जन्मात कळायचं नाही. बेअरिंगला मात्र लगेच कळतं, आणि बेअरिंग काही मामांचं नातेवाईक नाही. मापं मर्यादेच्या काठाला सरकतायत हे भाचीला गेले काही आठवडे दिसतच होतं. आज सुधारेल, उद्या सुधारेल म्हणत तिने कानाडोळा केला होता. आता पंपवाल्यांनी फोनवर सरळ सांगितलं, पुढचा माल असाच आला तर त्यांना दुसरीकडे बघावं लागेल.

गल्लीने निकाल लावून टाकला. मामांच्या डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं, ड्रॉइंग ते हात लांब करून वाचायचे, आणि एवढा पुरावा गल्लीला पुष्कळ होतो. वेल्डिंगवाला म्हणाला, मामा आता दमले. टायरवाला म्हणाला, एक वय असतं बाबा प्रत्येकाचं. काय बोलावं या लोकांना. स्वतःच्या दुकानातली हवा बघायची सोडून दुसऱ्याच्या शेडमध्ये डोकावायचं.

भाचीला राग आला, कारण तिच्याही मनात तेच येऊन गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा काचेच्या खोलीत आले, खुर्ची ओढली आणि बसले. एरवी ते तिथे बसत नसत, दारातूनच बोलत.

"मालक, फिटरला बोलव," ते म्हणाले. "आणि त्याआधी आपण दोघं एकदा स्पष्ट बोलू. एक तर मशीन वाकडं झालंय, नाहीतर मी झालोय. मशीन असेल तर फिटर सरळ करेल. मी असेन तर मला सरळ करणारा फिटर अजून जन्माला यायचाय."

"काहीतरीच काय बोलता, मामा."

"पुरतं ऐक. दोष मशीनचा नसला, तर मी दुसऱ्या दिवसापासून येणार नाही. तू आग्रह करायचा नाहीस आणि अक्काला मध्ये घालायचं नाहीस. शब्द दे."

अक्का म्हणजे भाचीची आई, मामांची मोठी बहीण. तिला मध्ये घातलं असतं तर मामांचं काही चाललं नसतं, म्हणूनच ती अट. भाचीने मान हलवली. हलवल्या क्षणी तिला पश्चात्ताप झाला, पण दिलेला शब्द मामा परत घेऊ देत नाहीत हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं.

लहानपणापासून म्हणजे अगदी शाळेच्या दप्तरासकट. मायक्रोमीटर कसा धरायचा हे तिला मामांनीच शिकवलं. "कान पिळतात तसा पिळायचा नाही गं. टिकटिक झाली की थांबायचं. जास्त जोर केलास तर तो तुला हवं ते सांगेल, खरं सांगणार नाही." आणि बाबा गेले तेव्हा शेड विकून टाक म्हणणारे पायलीचे पन्नास होते. मामा काही म्हणाले नाहीत. सकाळी आले, दिवे लावले, मशीन चालू केलं. तो आवाज ऐकून ती घरातून उठून शेडमध्ये आली, ती आजतागायत येते आहे. अशा माणसाला उद्यापासून येऊ नका कसं म्हणायचं? म्हणून आपलंच मशीन मोडकं निघावं यासाठी देव पाण्यात घालून बसलेली मालकीण त्या गल्लीने पहिल्यांदाच पाहिली असेल.

फिटर आला. त्याचं नाव काहीही असो, सगळे त्याला 'सबुरी' म्हणत, कारण त्याच्या दर दुसऱ्या वाक्यात तो शब्द असायचा आणि पहिल्या वाक्याआधी तो पुष्कळ वेळ गप्प असायचा. त्याने मशीनची पत्र्याची झाकणं उतरवली. आतून काळ्या तेलाचा चिखल आणि त्यात रुतलेला लोखंडाचा कीस निघाला. कापणारं टूल धरणारा जो मोठा लोखंडी गाडा स्लाइडवरून मागेपुढे सरकतो, ज्याला सॅडल म्हणतात, त्याला फिटरने फरक दाखवणारं काट्याचं डायल लावलं आणि खालून पहारीने हलकेच उचलून पाहिलं. डायलचा काटा टुणकन उडाला.

"ढिलं आहे," फिटर म्हणाला.

भाचीचा जीव भांड्यात पडला. मामांनी तिच्याकडे बघून एक भुवई वर केली.

"पण सबुरी," फिटर म्हणाला, आणि त्याने सॅडल चकापासून दूर, पार दुसऱ्या टोकाला नेलं. तिकडे जाता जाता मोटर कण्हायला लागली. त्याने सॅडलच्या कुशीतली ती लांबट पट्टी दाखवली, जिला गिब म्हणतात. एका टोकाला जाड, दुसऱ्याला बारीक, म्हणजे पाचरच. ती आत सारली की सॅडल घट्ट बसतं, बाहेर घेतली की मोकळं होतं. "ही कोणी आवळली?"

"मी," मामा म्हणाले. "गेल्या महिन्यात. खडखड यायला लागली होती."

"गाडा चकाजवळ उभा करून आवळलीत ना?"

"हो. काम तिथेच होतं ना सगळं."

"म्हणूनच स्लाइड तिथेच झिजलीय. झिजल्या जागी घट्ट केलंत तर बिनझिजल्या जागी ते अडकणार. आणि इथेही फार टिकलं नाही, बघा, परत ढिलं झालंच. दोन्हीकडून नुकसान." फिटर रागाने बोलला नाही, पण बोलला. मामांची भुवई खाली आली. इतकी वर्षं मशीनवर काढलेल्या माणसाने असं करावं, हे मामांनाही लागलं आणि भाचीलाही. ती काचेच्या खोलीत जाऊन बसली आणि नसलेलं काम शोधू लागली.

फिटरचं काम दोन दिवस चाललं. तुंबलेल्या तेलाच्या नळ्या त्याने मोकळ्या केल्या, कीस अडवणारे रबर बदलले. पाचरीचा एक स्क्रू सैल करायचा, दुसरा किंचित आवळायचा, सॅडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचं, काटा बघायचा, पुन्हा किंचित. मामा शेजारी उभे राहून पाने देत होते. मागण्याआधी पुढचा पाना हातात असायचा, आणि फिटर अधूनमधून मान डोलवायचा. त्यांचं असं जमल्यावर भाचीला जरा बरं वाटलं.

मग फिटरने पातळी बघायची लेव्हल काढली आणि मशीनचे पाय तपासले. मागचा एक पाय खचला होता. त्याच्याखालची जमीनच तडकली होती. एक पाय खाली गेला की लोखंडाचा एवढा मोठा देह पण पिळवटतो, पिळलेल्या टॉवेलसारखा, फक्त डोळ्याला दिसत नाही. तो पाय त्याने उचलून घेतला. शेवटी त्याने चकाचं डोकं पाहिलं, म्हणजे ज्या पेटीतून चक फिरतो ती पेटी. ती स्लाइडशी समांतर हवी. तिथे डायल लावून त्याने वाकून बोल्ट पाहिले.

"हे आजचं दुखणं नाही, ताई," तो भाचीला म्हणाला. "डोकं पहिल्यापासून तिरकं आहे. बोल्टवरचा रंग बघा, सलग आहे. तुमच्याकडे आलं तेव्हा रंगवूनच आलं असणार. त्यानंतर याला कोणी पाना लावलेला नाही."

"मग इतकी वर्षं माल बरोबर कसा येत होता?"

"ते मला नाही सांगता यायचं," फिटर म्हणाला. "नशीब म्हणा."

मामांना ते ऐकू गेलं असेल-नसेल. ते चिंधीने पाने पुसत होते आणि गुणगुणत होते. दोष मशीनचाच निघाला होता, एक नाही तर तीन ठिकाणी निघाला होता, आणि एवढी सुंदर बातमी त्यांना कित्येक दिवसांत मिळाली नव्हती.

फिटरने डोकं सरळ केलं, कंट्रोलरमध्ये जुने आकडे बदलून नवे घातले आणि स्वतः एक शाफ्ट काढला. भाचीने तो मोजला. हे टोक, मधोमध, ते टोक. पुन्हा मोजला. तिन्हीकडे माप एकच. तिला हसू आवरेना.

मामांनी फोन काढला, अंगठा ठेवला, फोनने नाही म्हटलं, मामांनी आकडे म्हणत दाबले आणि मामींना सांगितलं, "वाकडा मी नव्हतो गं. ते होतं." त्यांनी सगळ्यांना चहा सांगितला, वेल्डिंगवाल्याला आणि टायरवाल्यालाही. खास बोलावून पाजला. कप हातात देताना दोघांकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. चहा संपवून त्यांनी एप्रनच्या खिशात ताजं फडकं कोंबलं, आणि पंपवाल्यांचा माल लावला.

पहिला शाफ्ट काचेच्या खोलीत आला. चकाकडचं टोक बरोबर. मोकळं टोक बारीक.

भाचीने मायक्रोमीटर पुसला. जाड नाही, आता बारीक होतं. ज्या टोकाला इतके दिवस जास्त भरत होतं तिथे आता कमी भरत होतं. दुसरा शाफ्ट आला, तोही तसाच. तिसराही. तिने फिटरला आत बोलावून त्याच्या हातात दिले. त्याने मोजले, बाहेर गेला आणि पुन्हा सगळं तपासलं. पाचर, पाय, डोकं, सगळं जागच्या जागी. मग त्याने मामांना बाजूला उभं राहायला सांगून स्वतः एक शाफ्ट काढला. तोच प्रोग्रॅम, तेच टूल, तीच दांडी.

तो बरोबर आला.

"आता तुम्ही काढा," फिटर म्हणाला. मामांनी काढला. तो बारीक आला.

करवतीवरच्या माणसाने करवत बंद केली होती आणि तो नसत्या जागी झाडत होता. मामांनी तो शाफ्ट भाचीच्या हातातून घेतला, उजेडाकडे धरला, जणू डोळ्यांनी दिसणार होतं, आणि परत दिला. एप्रनची गाठ सोडली. तो चौकोनी घडी करून मशीनच्या पेटीवर ठेवला, फडकं त्याच्यावर ठेवलं.

"फिटरचं काम चोख आहे," ते म्हणाले. "मालक, शब्द दिलायस."

आणि ते मागच्या नळावर हात धुवायला गेले.

भाचीचे डोळे भरून आले. तिला फिटरचा राग आला, पंपवाल्यांचा आला, बाबांचा आला, आपण मान हलवली त्या सकाळचा आला. फिटर बिचारा हत्यारं भरायला लागला, तेही आवाज न करता. पण डोळे भरून आले म्हणून मोजणारीची खोड जात नाही. तिने दोन शाफ्ट उचलले, एक फिटरचा आणि एक मामांचा, आणि ट्यूबलाइटखाली शेजारी शेजारी धरले. फिटरच्या शाफ्टवर टूलच्या बारीक रेघा होत्या, एकीला एक लागून, थेट टोकापर्यंत. मामांच्या शाफ्टवरही होत्या. पण मोकळ्या टोकाजवळ, दोन बोटांच्या रुंदीएवढ्या जागेत, त्या पुसट होत गेल्या होत्या. तिथे पोलाद जरा जास्तच चमकत होतं.

ती मागे गेली. मामा साबण लावून हात चोळत होते, चोळतच होते.

"मामा, एक शेवटचा शाफ्ट काढून द्या. माझ्यासाठी."

"कशाला? अजून एक फुकट घालवायला?"

"घालवू या. मालक कोण आहे?"

ते हसले नाहीत, पण आले. एप्रन बांधला, फडकं खिशात गेलं, दांडी चकात लावली, बटण दाबलं. भाची त्यांच्या डाव्या बाजूला, अगदी कोपर लागेल इतक्या जवळ उभी राहिली. दारामागे टूल पाण्याच्या धारेत कापू लागलं.

"बाबांनी हे मशीन आणलं तो दिवस कसा होता?" तिने विचारलं.

"आज कशाला ते?"

"मी शाळेत गेले होते. मला कोणी सांगितलंच नाही कधी."

मामांनी मशीनकडे पाहिलं. "ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी बसायचं सोडून तुझे बाबा मागे मशीनजवळ बसून आले," ते म्हणाले. "धुळीने नखशिखांत माखलेले. उतरल्या उतरल्या स्वतःच्या रुमालाने त्याचा पडदा पुसला. मी म्हटलं, मेव्हणे, आधी तोंड पुसा. तर म्हणाले, तोंड काय, रोजचंच आहे." बोलता बोलता मामांचा आवाज हलका झाला. कापणं संपलं, पाणी थांबलं, चक आळस देत फिरतच होता. मामांनी डाव्या हाताने दार सरकवलं. "मग म्हणाले, लाव पहिली दांडी. तुझ्या आईलाही बोलावून घेतलं होतं, बघायला..."

आणि उजवा हात खिशात गेला, फडकं घेऊन बाहेर आला, फिरत्या शाफ्टच्या मोकळ्या टोकावर टेकला आणि अंगठा दाबला गेला. मामा भाचीकडे बघून बोलत होते. हाताकडे त्यांचं लक्षही नव्हतं.

चक थांबला. भाचीने त्यांचं मनगट धरलं.

"हे काय करताय, मामा?"

"काय? पुसतोय."

तिने त्यांच्या बोटांतून फडकं काढून उलगडलं. आतून पॉलिश पेपरची एक पट्टी निघाली, दुमडलेली, मध्ये काळीभोर झालेली. फिटर हत्यारांची पेटी तशीच उघडी टाकून जवळ आला.

"शेवटचा हात मारतो जरासा," मामा म्हणाले. "चमक यायला. प्रत्येकजण मारतो."

"मग सगळीकडे का नाही मारत? याच टोकाला का?"

मामा पट्टीकडे बघत होते, मग शाफ्टकडे, मग स्वतःच्या हाताकडे. हात कोणीतरी दुसऱ्याने तिथे आणून ठेवला असावा असं त्यांचं बघणं होतं. मग ते खाली, मशीनच्या कडेला टेकून बसले.

"पहिली दांडी जाड आली होती," ते म्हणाले. "या टोकाला. त्याच दिवशी. मी मोजली आणि तुझ्या बाबांकडे पाहिलं. ते आणि अक्का दाराशी उभे होते. माणूस इतका खूश की काय सांगू. मला सांगवेना गं. म्हटलं, दोन दिवस जाऊ देत, यांचा आनंद जरा जुना होऊ दे, मग सांगतो. तोवर हाताने सारखं करून देऊ." ते थांबले. "मग राहूनच गेलं. आणि नंतर... नंतर मला आठवतच नव्हतं की मी हे कशासाठी करतो. रोज सकाळी फडकं घ्यायचं, पट्टी घ्यायची. मला वाटायचं, मी पुसतोच आहे."

फिटरने एक लांब श्वास सोडला. "डोकं तिरकं, तेवढं हे अंगठ्याने भरून काढत होते," तो म्हणाला. "आता पाय खचला, पीळ वाढला, तेवढं अंगठ्याला झेपेना. म्हणून माल परत आला. आणि आज मी मशीन सरळ केलं, पण हाताला कोणी सांगितलं नाही."

भाचीने मामांचा उजवा हात अजून धरलेलाच होता. तिने तो उलटा केला. अंगठ्याचं टोक बिनरेघांचं होतं. गुळगुळीत, सपाट, नदीतल्या गोट्यासारखं. इतक्या दिवसांत किती वेळा त्या फोनवरून तिने त्यांची थट्टा केली होती.

"म्हणजे इतकी वर्षं मी मशीन मोजलंच नाही, मामा," ती म्हणाली. "मी तुमचा अंगठा मोजत होते."

मामांनी हात सोडवून घेतला आणि एप्रनला पुसला. त्यांना अशा वेळी काय करावं ते कधीच कळत नसे.

"बरं, मग आता?" ते म्हणाले. "मशीन सरळ आहे. ते आपलं आपण करतं. माझं काय काम राहिलं?"

आता हे ऐकून भाचीला इतका संताप आला की रडू बाजूलाच राहिलं. "काय काम म्हणजे? दांडी कोण लावणार, मी? टूल झिजलं की आवाजावरून कोण सांगणार, तो टायरवाला? शब्द काय दिला होता मी? दोष मशीनचा नसला तर. दोष मशीनचाच होता, पहिल्या दिवसापासून होता. फिटरदादा, सांगा यांना."

"होता," फिटर म्हणाला. "सबुरीने घ्या, मामा."

"उठा," भाची म्हणाली. "एक शाफ्ट काढा. फडकं माझ्याकडे राहील."

मामा उठले. दांडी लावली, बटण दाबलं. कापणं संपलं, मामांनी दार सरकवलं. चक फिरत होता आणि मामांचा उजवा हात आपोआप खिशाकडे गेला, रिकामा खिसा चाचपला आणि तसाच हवेत आला, शाफ्टपासून वीतभर अंतरावर. भाचीने तो हात आपल्या हातात घेतला आणि चक थांबेपर्यंत सोडला नाही.

शाफ्ट तिन्हीकडे सारखा भरला.

पंपवाल्यांचा माल गेला, तो काही परत आला नाही. पण मामांचा हात इतक्या सहज ऐकणारा नव्हता. फडकं आता काचेच्या खोलीत खुंटीला असायचं आणि मामा उजवा हात एप्रनच्या खिशात घालून उभे राहायचे. तरी चक थांबायच्या बेतात आला की तो बाहेर यायचाच. मग भाची आतून काचेवर मायक्रोमीटरच्या डबीने टकटक करायची. मामा चोर सापडल्यासारखे तिच्याकडे बघायचे आणि हात परत आत घालायचे. पुढे टकटक कमी होत गेली. एके दिवशी दुपार झाली तरी आपण एकदाही काच वाजवली नाही, हे तिच्या लक्षात आलं, आणि तिला का कोण जाणे थोडं वाईट वाटलं.

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी, डबे उघडायच्या वेळेला, मामा काचेच्या खोलीच्या दारात आले. त्यांच्या हातात फोन होता.

"मालक, हे बघ काय म्हणतंय," ते म्हणाले. "मामीला फोन लावायचा होता. सवयीने ठेवला."

"काय ठेवलं?"

मामांनी फोन तिच्यासमोर धरला, पडदा बंद केला आणि उजव्या हाताचा अंगठा त्यावर ठेवला. त्यांनी तोंडाने आकडे म्हटले नाहीत. फोन थरथरला नाही, काही म्हणाला नाही, नुसता उघडला.

भाचीने त्यांचा अंगठा धरून उजेडाकडे वळवला. टोकावर रेघा आल्या होत्या. अगदी फिकट, नुकत्या उमटलेल्या, पण एकीला एक लागून आणि पार कडेपर्यंत. तिने त्या बराच वेळ पाहिल्या.

"बरोबर आहे का?" मामांनी विचारलं.

"बरोबर आहे," ती म्हणाली, आणि त्यांना जेवायला बसवलं.